मूत्रपिंडातील एरिथ्रोपोएटिनचे जनुक कोण चालू करते? प्रतिलेखन घटकांचा माग काढण्याची रीत

मूत्रपिंड रक्त गाळते हे शाळेतच शिकवले जाते. ते संप्रेरकेही बनवते, ही गोष्ट मात्र अनेकांना घरातल्या एखाद्या रुग्णाचे मूत्रपिंड निकामी होऊन हिमोग्लोबिन घसरू लागते तेव्हाच प्रथम कळते. अस्थिमज्जेला तांबड्या पेशी तयार करण्याचा निरोप देणारे एरिथ्रोपोएटिन प्रौढ माणसात सुमारे ९० टक्के मूत्रपिंडातच बनते, उरलेले मुख्यतः यकृतात. रक्तातील प्राणवायू कमी झाला की या संप्रेरकाचे जनुक जागे होते आणि तो पुरेसा झाला की शांत होते. हे चालू-बंद करण्याचे काम प्रतिलेखन घटक करतात. डीएनएवरील ठरावीक अक्षरक्रम ओळखून तेथे बसणारी आणि जनुकापासून आरएनए बनण्याची क्रिया वाढवणारी किंवा रोखणारी ही प्रथिने असतात.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेले तरुण आणि मूत्रपिंडविकाराचे शिक्षण घेणारे डॉक्टर यांच्यासाठी हा लेख लिहीत आहे. ‘अमुक घटक तमुक जनुकाचे नियमन करतो’ हे वाक्य प्रबंधात लिहिणे सोपे असते. त्या वाक्यातील प्रत्येक दुवा सिद्ध कसा करायचा, हे एरिथ्रोपोएटिनच्या उदाहरणाने पायरीपायरीने पाहू. हेच उदाहरण निवडण्याचे कारण असे की, या जनुकाविषयी सर्वाधिक उद्धृत होणारी माहिती यकृताच्या पेशींत मिळालेली आहे आणि ती जशीच्या तशी मूत्रपिंडाला लावली की चूक होते. ही चूक आजही पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांमध्ये सर्रास दिसते.

पहिली पायरी: पेशी कोणती ते आधी ठरवा

मूत्रपिंडात पेशींचे अनेक प्रकार शेजारीशेजारी राहतात. एरिथ्रोपोएटिन मात्र नलिकांच्या पेशी बनवत नाहीत आणि केशिकागुच्छाच्या पेशीही बनवत नाहीत. नलिका आणि केशवाहिन्या यांच्यामधल्या जागेत, विशेषतः बाह्यक आणि मध्यांग यांच्या सीमेजवळ असलेल्या, फायब्रोब्लास्टसारख्या दिसणाऱ्या पेशी हे काम करतात. भ्रूणावस्थेत फॉक्सडी-१ हा घटक व्यक्त करणाऱ्या पूर्वज पेशींपासून त्या येतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावर पीडीजीएफ ग्राहक-बीटा व सीडी-७३ ही प्रथिने आढळतात. रक्तक्षय वाढतो तसतशी मुख्यतः हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशींची संख्या वाढत जाते. आधी गप्प असलेल्या शेजारच्या पेशीही कामाला लागतात. म्हणून संपूर्ण मूत्रपिंड वाटून काढलेल्या आरएनएत एरिथ्रोपोएटिन दहापट वाढलेले दिसले, तर त्याचा अर्थ प्रत्येक पेशी दहापट काम करते आहे असा होत नाही. ऊतीचा छेद घेऊन स्वस्थानी संकरण (आरएनए कोणत्या पेशीत आहे ते जागच्या जागी दाखवणारी पद्धत) केल्याखेरीज हा फरक कळत नाही, आणि पुढच्या सगळ्या प्रयोगांचा अर्थ यावरच अवलंबून असतो.

इथे एक मोठी अडचण उभी राहते. या पेशी मूत्रपिंडातून काढून बशीत वाढवल्या की थोड्याच काळात संप्रेरक बनवण्याची क्षमता गमावतात. त्यामुळे १९८७ मध्ये हेप-३बी आणि हेप-जी२ या यकृताच्या कर्करोगापासून मिळालेल्या पेशीवंशांत प्राणवायूच्या कमतरतेने एरिथ्रोपोएटिन वाढते असे दिसल्यावर सगळे संशोधन तिकडे वळले. तो निर्णय योग्यच होता, कारण त्याशिवाय पुढचे काही सापडलेच नसते. मात्र आपल्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावे: हेप-३बीतील निष्कर्ष हा यकृतपेशीतील निष्कर्ष आहे.

दुसरी पायरी: जनुकाभोवतीचा नकाशा काढा

मानवी एरिथ्रोपोएटिनचे जनुक सातव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. ते लहान आहे. त्यात ५ एक्सॉन (अंतिम आरएनएत राहणारे तुकडे) आहेत आणि त्यापासून १९३ अमिनो आम्लांचे पूर्वप्रथिन बनते. नियमनाचा विचार करताना जनुकापेक्षा त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रदेशांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. ते प्रदेश तीन आहेत.

जनुकाच्या शेपटाकडे, आरएनए जिथे संपतो त्याच्या किंचित पुढे, सुमारे ५० अक्षरांचा एक वर्धक, म्हणजे जनुकाचे काम वाढवणारा, तुकडा आहे. ग्रेग सेमेन्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१–९२ मध्ये तो शोधला. त्यात ‘टीएसीजीटीजीसीटी’ हा क्रम आहे, ज्यावर हिफ म्हणजे हायपॉक्सियाप्रेरित (प्राणवायूच्या कमतरतेने जागा होणारा) घटक बसतो; त्यापुढे ‘सीएसीएजी’ हा लहान क्रम आहे; आणि त्याहीपुढे एचएनएफ-४ या, यकृतात आणि मूत्रपिंडाच्या काही नलिकांमध्ये आढळणाऱ्या ग्राहकासाठीची जागा आहे. यांपैकी कोणतीही एक जागा बिघडवली की हेप-३बीमध्ये प्रतिसाद कोसळतो.

दुसरा प्रदेश जनुकाच्या आरंभाशी असलेला प्रवर्तक, जेथून आरएनए बनणे सुरू होते. नेहमीच्या टाटा पेटीच्या (अनेक प्रवर्तकांत आढळणाऱ्या ठरावीक क्रमाच्या) जागी, आरंभबिंदूच्या सुमारे ३० अक्षरे आधी, येथे गाटा कुटुंबातील घटकांची जागा आहे. गाटा-२ आणि गाटा-३ तेथे बसून जनुक रोखून धरतात. उंदरात ही जागा बिघडवल्यावर जे घडले ते मला या सगळ्या विषयातील सर्वांत बोलके निरीक्षण वाटते: मूत्रपिंडातील नलिकांच्या ज्या उपकला पेशी कधीच एरिथ्रोपोएटिन बनवत नाहीत, त्यांतही जनुक व्यक्त होऊ लागले. नियमन म्हणजे चालू करणे एवढेच आपल्या मनात असते. योग्य पेशीव्यतिरिक्त सर्वत्र ते बंद ठेवणे हे तितकेच महत्त्वाचे काम आहे.

तिसरा प्रदेश जनुकाच्या बराच अलीकडे, ६ ते १४ हजार अक्षरे आधी आहे. मानवी जनुक उंदरांत घालून केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, जनुकालगतचा थोडाच भाग घेतला तर जनुक यकृतात व्यक्त होते आणि हा लांबचा भाग सोबत घेतला तरच मूत्रपिंडात व्यक्त होते. पुढे २०१४ मध्ये याच पट्ट्यात, सुमारे ९.२ हजार अक्षरे आधी, हिफ बसणारा तुकडा दाखवण्यात आला. याउलट २०११ मध्ये उंदरांतून शेपटाकडचा तो प्रसिद्ध वर्धक काढून टाकल्यावर यकृतातील निर्मिती बिघडली, पण प्रौढ मूत्रपिंडाचे काम चालूच राहिले. ज्या ५० अक्षरांवरून हिफ सापडले, ती अक्षरे मूत्रपिंडाला अत्यावश्यक नाहीत. वर ज्या चुकीचा उल्लेख केला, ती हीच.

तिसरी पायरी: प्राणवायूपासून जनुकापर्यंतची साखळी मांडा

प्रयोगाला हात घालण्यापूर्वी साखळी कागदावर लिहावी, म्हणजे कोणता दुवा आपण तपासतो आहोत ते स्पष्ट राहते. हिफ हे दोन घटकांचे जोडप्रथिन आहे. त्याचा बीटा घटक केंद्रकात नेहमीच असतो. अल्फा घटक सतत तयार होतो आणि प्राणवायू पुरेसा असेल तर काही मिनिटांत नष्ट केला जातो. नष्ट करण्याची रीत अशी: प्रोलिल हायड्रॉक्सिलेज नावाची विकरे, त्यांतही प्रामुख्याने दुसऱ्या क्रमांकाचे, अल्फा घटकातील दोन प्रोलिन अमिनो आम्लांवर हायड्रॉक्सिल गट चढवतात; हिफ-१ अल्फामध्ये ती ४०२ आणि ५६४ या स्थानांवर, तर हिफ-२ अल्फामध्ये ४०५ आणि ५३१ या स्थानांवर आहेत. ही खूण व्हीएचएल हे प्रथिन ओळखते, त्यावर युबिक्विटिन हे ‘नष्ट करा’ सांगणारे लहान प्रथिन चढते आणि प्रोटिएसोम हे पेशीतील प्रथिने तोडणारे यंत्र त्याचे तुकडे करते. हायड्रॉक्सिलेजला या कामासाठी प्राणवायू, फेरस लोह आणि २-ऑक्सोग्लुटारेट लागते. प्राणवायू कमी पडला की खूण चढत नाही, अल्फा टिकतो, बीटाशी जोडी जमवतो आणि ‘सीजीटीजी’ गाभा असलेल्या जागी बसून पी-३०० सारख्या सहप्रेरकांना बोलावतो.

हिफ-१ हे १९९५ मध्ये शुद्ध स्वरूपात मिळवले गेले, व्हीएचएलचा संबंध १९९९ मध्ये दाखवला गेला, आणि हायड्रॉक्सिलेशनची खूण २००१ मध्ये सापडली. या कामासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

इथे पुन्हा पेशीचा प्रश्न येतो. मूत्रपिंडात हिफ-१ अल्फा प्रामुख्याने नलिकांच्या पेशींत साठते, तर हिफ-२ अल्फा मधल्या जागेतील फायब्रोब्लास्टसारख्या पेशींत आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात. एरिथ्रोपोएटिनचा खरा चालक हिफ-२ आहे. नाव आणि मान हिफ-१ ला मिळाला तो आधी सापडल्यामुळे. शिवाय हिफ-२ अल्फाच्या निरोप्या आरएनएच्या आरंभी लोहाला प्रतिसाद देणारा भाग आहे. लोह कमी असले की त्यावर लोहनियामक प्रथिन बसते आणि हिफ-२ अल्फा कमी बनते. रक्त बनवायला लोहच नसेल तर संप्रेरकाचा निरोप वाढवून उपयोग नाही, असा हा शहाणपणाचा बंदोबस्त आहे. मात्र यामुळे प्राण्यांच्या आहारातील आणि पेशींच्या द्रवमाध्यमातील लोहाची नोंद ठेवणे बंधनकारक ठरते.

चौथी पायरी: पेशींना खरोखर किती प्राणवायू मिळतो ते तपासा

नवख्याचे बहुतेक प्रयोग इथे बिघडतात, म्हणून सावकाश वाचावे. पेशी वाढवण्याच्या उष्मायंत्रात (इन्क्युबेटरमध्ये) ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प असल्यामुळे ‘सामान्य’ प्राणवायू २१ टक्के नसून १८ ते १९ टक्क्यांच्या आसपास असतो. पेशी बशीच्या तळाशी असतात आणि त्यांच्यावर द्रवाचा थर असतो. पेशी दाट असतील आणि थर जाड असेल तर वरून झिरपणाऱ्या प्राणवायूपेक्षा पेशींचा वापर जास्त होतो आणि तथाकथित सामान्य बशीतही तळाशी कमतरता निर्माण होते. उलट, १ टक्का प्राणवायू असलेल्या बंद पेटीत बशी ठेवल्यावर द्रवातील प्राणवायू उतरायला बराच वेळ लागतो. म्हणून द्रवमाध्यम आदल्या रात्री पेटीत ठेवून समतोल साधावा, सर्व बशांत पेशींची घनता आणि द्रवाची उंची सारखी ठेवावी, आणि शक्य असेल तर तळाशी प्राणवायूमापक लावून प्रत्यक्ष आकडा लिहावा.

रासायनिक प्रेरकांचा उपयोग पडताळ्यासाठी करावा. डेस्फेरिऑक्सामिन लोह बांधून ठेवते, डीएमओजी हे २-ऑक्सोग्लुटारेटची जागा घेते आणि कोबाल्ट क्लोराइडही हायड्रॉक्सिलेजला अडवते. पहिले आणि तिसरे साधारण १०० मायक्रोमोलर, तर डीएमओजी १ मिलिमोलर इतके वापरण्याची प्रथा आहे. तिन्ही पदार्थ हिफखेरीज इतरही अनेक क्रियांना हात लावतात, म्हणून केवळ कोबाल्टच्या आधारे ‘हायपॉक्सिया’ हा शब्द निष्कर्षात लिहू नये.

पाचवी पायरी: आरएनए मोजा, पण संदर्भजनुक तपासून

४, ८, १६ आणि २४ तासांनी नमुने घ्यावेत. परिमाणात्मक पीसीआरमध्ये बहुतेक प्रयोगशाळा सवयीने जीएपीडीएच हे संदर्भजनुक (ज्याच्या तुलनेत इतर जनुकांची पातळी मोजतात ते) वापरतात. या विषयात ती सवय घातक आहे, कारण ग्लायकोलिसिसची विकरे हिफच्या अधिपत्याखाली येतात आणि प्राणवायू कमी झाला की जीएपीडीएच स्वतःच वाढते. भागाकाराचा छेद वाढला की खरी वाढ कमी दिसते. एचपीआरटी-१, आरपीएलपी-० यांसारखी दोन-तीन जनुके घेऊन आपल्याच परिस्थितीत ती स्थिर राहतात का ते आधी पाहावे. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेला नियंत्रण नमुना ठेवावा, आणि एरिथ्रोपोएटिनसोबत कार्बोनिक अनहायड्रेज-९ सारखे ओळखीचे हिफलक्ष्य मोजावे; तेही वाढले नसेल तर दोष जनुकात नसून पेटीत आहे.

आरएनए वाढला म्हणजे प्रतिलेखन वाढले असे लगेच म्हणू नये. आरएनए अधिक काळ टिकल्यानेही पातळी वाढते. इंट्रॉनसह (नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यांसह) असलेला, अजून प्रक्रिया न झालेला आरएनए मोजला किंवा नव्याने बनणाऱ्या आरएनएवर खूण लावून तो वेगळा काढला, तर दोन शक्यता वेगळ्या करता येतात.

सहावी पायरी: प्रथिन पाहताना घड्याळ सांभाळा

बशी पेटीतून बाहेर काढताच हिफ अल्फा नष्ट होऊ लागते, आणि त्याचे अर्धायुष्य अवघे काही मिनिटांचे असते. पेशी धुण्याचा द्रव पेटीतच थंड करून ठेवावा, शक्यतो पेटीतच पेशी फोडाव्यात आणि फोडणाऱ्या द्रवात प्रथिने उलगडून विकरे थांबवणारा एसडीएस किंवा युरिया असावा. वेस्टर्न ब्लॉटवर हिफ-१ अल्फाचा पट्टा त्याच्या गणिती वस्तुमानापेक्षा वर, ११० ते १२० किलोडाल्टनच्या दरम्यान दिसतो. प्रतिपिंड हिफ-१ आणि हिफ-२ यांत फरक करतो का, हे त्या-त्या जनुकाचा आवाज बंद केलेल्या पेशींवर पडताळावे. ७८६-ओ हा मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा पेशीवंश इथे फार उपयोगी पडतो: त्यात कार्यक्षम व्हीएचएल नाही, हिफ-१ अल्फाही नाही, त्यामुळे सामान्य प्राणवायूतही फक्त हिफ-२ अल्फा दिसते.

सातवी पायरी: घटक त्या तुकड्यावर खरोखर बसतो का?

अक्षरक्रमात ‘सीजीटीजी’ दिसला म्हणून तेथे हिफ बसतेच असे नाही. असे क्रम जनुकसंचात जागोजागी आहेत आणि त्यांतील थोड्यांवरच हिफ प्रत्यक्ष आढळते. क्रोमॅटिन मिटलेले असेल किंवा त्या क्रमातील सायटोसिनवर मिथिल गट असेल तर जागा असूनही नसल्यासारखी.

नळीतील पुराव्यासाठी डीएनएच्या लहान तुकड्यावर केंद्रकातील प्रथिने सोडून जेलमध्ये त्याची गती मंदावते का ते पाहतात. सोबत ‘सीजीटी’च्या जागी ‘एएए’ केलेला बिघडलेला तुकडा आणि प्रतिपिंडाने पट्टा आणखी वर सरकतो का याची तपासणी असावी. पेशीतील पुराव्यासाठी क्रोमॅटिन प्रतिरक्षा अवक्षेपण करतात. १ टक्का फॉर्माल्डिहाइडने १० मिनिटे प्रथिने डीएनएशी बांधावीत, क्रोमॅटिनचे २०० ते ५०० अक्षरांचे तुकडे करावेत, आणि प्रतिपिंडाने ओढून काढलेल्या डीएनएत आपला प्रदेश किती आहे ते मोजावे. हिफला न ओळखणारा असंबद्ध प्रतिपिंड, ज्ञात हिफलक्ष्याचा प्रदेश आणि हिफ बसत नाही असा जनुकविरहित प्रदेश, ही तिन्ही नियंत्रणे एकाच दिवशी, एकाच नमुन्यावर हवीत.

संपूर्ण मूत्रपिंडावर हे अवक्षेपण केले तर बहुसंख्य नलिकापेशींचे हिफ-१ दिसते आणि एरिथ्रोपोएटिन बनवणाऱ्या मूठभर पेशींचे हिफ-२ त्यात बुडून जाते. यासाठी एरिथ्रोपोएटिनच्या जनुकाला हिरवा चकाकणारा संदेशक जोडलेले उंदीर वापरून आधी त्या पेशी किंवा त्यांची केंद्रके वेगळी करावीत, आणि प्रथिन डीएनएवर कुठे बसले आहे ते थोड्या पेशींतही दाखवणारी कट-अँड-रन पद्धत किंवा एकपेशीय खुल्या क्रोमॅटिनची मोजणी निवडावी.

आठवी पायरी: काढून पाहा, बदलून पाहा

बसणे म्हणजे नियमन करणे नव्हे. ल्युसिफरेज या चमक देणाऱ्या संदेशक जनुकाच्या पुढे वर्धक तुकडा लावून त्याची चमक मोजता येते, आणि एकेक जागा बिघडवून प्रत्येकीचा वाटा ठरवता येतो. मात्र हा तुकडा गोल प्लाझमिडवर असतो, त्याच्याभोवती मूळ गुणसूत्राचे वातावरण नसते. तो काय करू शकतो ते यातून कळते, तो स्वतःच्या घरी काय करतो ते कळत नाही. त्यासाठी क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्राने गुणसूत्रातच ती अक्षरे काढून किंवा बदलून पाहणे हाच खरा पुरावा, आणि मी परीक्षक असेन तर त्याच्याशिवाय ‘आवश्यक’ हा शब्द मान्य करणार नाही.

घटकाच्या बाजूनेही हेच करावे. हेप-३बीमध्ये लहान आरएनएने हिफ-१ अल्फा आणि हिफ-२ अल्फा वेगवेगळे गप्प केले, तर एरिथ्रोपोएटिनचा प्रतिसाद हिफ-२ गेल्यावर कोसळतो. किमान दोन वेगळे लहान आरएनए वापरावेत आणि त्यांना प्रतिकार करणारे हिफ-२ अल्फा पुन्हा घालून प्रतिसाद परततो का ते पाहावे.

नववी पायरी: प्राण्यात आणि माणसात पडताळा

प्राणी नीतिसमितीच्या मंजुरीनंतरच पुढे जावे. प्रौढ उंदरात हिफ-२ अल्फा काढून टाकल्यावर रक्तक्षय होतो. हा बशीतील निष्कर्षाचा प्राण्यातील जोडीदार आहे. अशा प्रयोगात मूत्रपिंड आणि यकृत यांचा आरएनए, रक्तातील संप्रेरक, हिमॅटोक्रिट आणि लोहाचे मापन एकत्र करावे, कारण मूत्रपिंड मागे पडले की यकृताचा वाटा वाढू शकतो आणि एकाच इंद्रियाचा आकडा दिशाभूल करतो.

माणसात निसर्गानेच काही प्रयोग करून ठेवले आहेत. रशियातील चुवाशिया येथील वंशागत रक्तबाहुल्यात व्हीएचएलमधील २०० व्या स्थानावरील आर्जिनिनच्या जागी ट्रिप्टोफॅन येते, हिफ अल्फा पुरेसे नष्ट होत नाही आणि तांबड्या पेशी वाढतात. हिफ-२ अल्फाच्याच जनुकात ५३१ व्या प्रोलिनच्या शेजारी, ५३७ व्या स्थानी, बदल असलेली कुटुंबेही नोंदली गेली आहेत, आणि त्यांच्यात एरिथ्रोपोएटिन वाढलेले असते. तिबेटमधील लोकांत हिफ-२ अल्फाच्या जनुकाचे वेगळे रूप निवडले गेले आहे. उंचावर राहूनही त्यांचे हिमोग्लोबिन अवाजवी वाढत नाही. या तिन्ही ठिकाणी बोट हिफच्या साखळीकडे, आणि शेवटच्या दोहोंत थेट हिफ-२ कडे जाते.

दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात या पेशी मायोफायब्रोब्लास्टमध्ये बदलतात, चट्टा तयार करू लागतात आणि संप्रेरक बनवणे सोडतात. तरीही सगळी क्षमता संपलेली नसते: हायड्रॉक्सिलेज रोखणारे औषध दिल्यावर डायलिसिसवरील रुग्णांतही एरिथ्रोपोएटिन वाढते, आणि दोन्ही मूत्रपिंडे काढलेल्या रुग्णांतही ते वाढल्याचे दिसले आहे, तो वाटा यकृताकडून येतो. रॉक्साडुस्टॅट, डॅप्रोडुस्टॅट ही औषधे याच तत्त्वावर चालतात, आणि भारतात २०२२ मध्ये डेसिडुस्टॅटला मंजुरी मिळाली. अशा रुग्णाचे नमुने अभ्यासाला घेताना औषधाच्या शेवटच्या मात्रेची वेळ, फेरिटिन, ट्रान्सफेरिन संपृक्तता आणि बाहेरून दिलेल्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनची तारीख हे सर्व नमुन्याच्या नळीसोबतच नोंदवावे. बाहेरून टोचलेले संप्रेरकही रक्ततपासणीच्या आकड्यात मिसळते आणि नंतर ते वेगळे करणे अवघड होऊन बसते.